शह आणि चेक

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत बाबा आणि माझा मुलगा रोज दुपारी बुद्धिबळाचा पट मांडून बसायचे. पोरगा क्लासला जातो, त्यामुळे घोडा दाणकन ठेवला की म्हणतो, "चेक!" बाबा दर वेळी त्याला अडवायचे. "अरे, शह म्हण. आपला शब्द असताना इंग्रजी कशाला?" त्यावर तो म्हणायचा, "आजोबा, आता शह कोणीच म्हणत नाही." चार दिवस हे चाललं. मी मध्ये पडलो नाही, कारण दोघंही एकच शब्द म्हणत होते. बाबांचा शह फारसीतून दख्खनच्या सुलतानशाह्यांमार्गे मराठीत आला. नातवाचा चेक त्याच फारसीतून निघाला, पण अरबी, लॅटिन, फ्रेंच आणि इंग्रजी अशी गावं करत, कित्येक शतकांचा वळसा घालून आमच्या दिवाणखान्यात पोचला.

मी सव्वीस वर्षं बँकेत काढली, त्यातली बरीचशी क्लिअरिंगला, म्हणजे इतर बँकांशी चेकची देवघेव होते त्या खात्यात. दिवसाला शेकड्यांनी चेक हाताखालून जायचे. "तो चेक चेक केलास का?" हे वाक्य आम्ही इतक्यांदा बोललो असू की एका वाक्यात तोच शब्द दोन वेगळ्या अर्थांनी येतो हे कोणाच्या ध्यानातही यायचं नाही. शिवाय चेक्सचा शर्ट आहे, एसटीतला चेकर आहे, चेकनाका आहे, नाल्यावरचा चेकडॅम आहे, डॉक्टरकडचं चेकअप आहे. कापड, बंधारा, बँक आणि बुद्धिबळ यांचा एकमेकांशी काय संबंध, असं वाटतं खरं. पण हे सगळं एका राजाच्या पोटी जन्मलेलं आहे, आणि अर्थ कुठून कुठे गेला ते पाऊल न् पाऊल दाखवता येतं.

फारसीत शाह म्हणजे राजा. बादशहा, शहेनशहा यातला तोच. बुद्धिबळ मूळचं आपल्याकडचं. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ अशी सैन्याची चार अंगं, म्हणून खेळाचं नाव चतुरंग. सातव्या शतकात बाणभट्टाने यावर श्लेष केला आहे: हर्षाच्या राज्यात शांतता इतकी की चतुरंगाची मांडणी उरली ती फक्त अष्टापदावर, म्हणजे चौसष्ट घरांच्या पटावर. हा खेळ इराणात गेला आणि चतुरंगचं चत्रंग झालं. पुढे अरबांनी इराण जिंकलं. अरबीत च नाही आणि ग नाही, म्हणून चत्रंगचं शतरंज झालं. खेळातले काही शब्द मात्र अरबांनी फारसीच ठेवले. समोरच्याच्या राजावर मारा झाला की खेळणारा मोठ्याने म्हणायचा, "शाह!" म्हणजे नुसतं "राजा!", तुझा राजा सांभाळ, एवढाच इशारा. चेक या शब्दाचा सगळ्यात जुना अर्थ हा आहे. ती एक हाक होती.

आणि राजाला पळायला जागाच उरली नाही की "शाह मात". याचा अर्थ "राजा मेला" असा पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळतो, कारण अरबीत "माता" म्हणजे मेला. पण फारसीत मात म्हणजे हतबल झालेला, कोंडीत सापडलेला, आणि मला हाच अर्थ पटतो. पटावर राजा कधी मरतच नाही, त्याला कोणी उचलून बाहेर ठेवत नाही. तो कोंडला जातो आणि खेळ तिथेच संपतो. हा मात मराठीत इतका मुरला आहे की "कर्करोगावर मात" असा मथळा वाचताना कोणाला बुद्धिबळ आठवत नाही. शहाचंही तसंच. शह-काटशहाच्या राजकारणाशिवाय आपलं वर्तमानपत्र निघत नाही. गंमत अशी की हिंदीत "शह देना" म्हणजे फूस लावणं, पाठीशी उभं राहणं. मराठीत शह देणं म्हणजे डाव अडवणं. एकच शब्द, सातपुड्याच्या अलीकडे-पलीकडे जवळजवळ उलट अर्थांचा.

आता शाहचा चेक कसा झाला ते बघू. उच्चारांची ही वाट आपल्याला अजिबात परकी नाही. लॅटिनमध्ये श नव्हता आणि शब्दाच्या शेवटी ह बोलायची सवय नव्हती, म्हणून तिथे शाहचं "स्काक्कुस" झालं. जुन्या फ्रेंच लोकांना शब्दाच्या सुरुवातीला स ला जोडलेलं दुसरं व्यंजन जड जायचं, म्हणून ते आधी एक ए लावायचे. आपल्याकडे स्टेशनचं इस्टेशन आणि स्कूलचं इस्कूल होतं, अगदी तसंच. मग झालं "एस्चेक". इंग्रजांनी साधारण १३०० च्या सुमारास तो उचलला तेव्हा पुढचा एस् गळून पडला आणि उरला चेक. फ्रेंचांनी नंतर आपला च सोडला आणि त्या जागी श बोलू लागले. त्यामुळे जे शब्द इंग्रजीने लवकर घेतले त्यात च राहिला, उशिरा घेतलेल्यांत श आला. चीफ आणि शेफ हे असेच एका शब्दाचे दोन अवतार आहेत. चेक हा चीफच्या पिढीतला.

खेळाचं इंग्रजी नाव चेस हेही याच एस्चेकचं अनेकवचन आहे. म्हणजे चेस खेळणं याचा अक्षरशः अर्थ "राजे-राजे" खेळणं. रशियन लोक खेळाला "शाखमाती" म्हणतात, त्यात तर शाह आणि मात दोन्ही जसेच्या तसे बसलेले आहेत. स्पॅनिशने अरबी शतरंज उचलला, म्हणून त्यांच्या "आहेद्रेस"च्या मुळाशी आपला चतुरंग आहे.

पटावरून शब्द बाहेर कसा पडला? शह बसला की हातातला बेत बाजूला ठेवावा लागतो. तुमचा वजीर कितीही जोरात असो, आधी राजाचं बघा, मग बाकीचं. चाललेलं काम एकदम थांबवायला लावणारी गोष्ट म्हणजे चेक, असा अर्थ इंग्रजीत रुळला. घोड्याचा लगाम खेचणं, रागाला आवर घालणं, शत्रूची आगेकूच रोखणं, सगळं चेक. मराठीत यासाठी आळा, लगाम, चाप, वेसण असे सरस शब्द आहेत. इंग्रजीत मात्र बुद्धिबळाच्या पटावरचा एक शब्द एवढं सगळं काम करू लागला.

इथे एक बारकावा आहे, आणि तो मला फार मोलाचा वाटतो. शह म्हणजे मात नव्हे. शह बसलेला राजा हलू शकतो, मध्ये प्यादं घालू शकतो, मारा करणारी सोंगटी मारू शकतो. म्हणून चेकमध्ये अडवणं आहे, कायमचं बंद करणं नाही. चेकडॅम बघा. नाल्यात आडवी दगडांची किंवा सिमेंटची बुटकी भिंत घालतात. पावसाळ्यात पाणी तिच्यावरून वाहून जातंच. पण त्याचा जोर मोडतो, गाळ मागे बसतो, पाणी थबकल्यामुळे जमिनीत मुरतं आणि आजूबाजूच्या विहिरींना उन्हाळ्यात थोडी जास्त साथ देतं. नळकाम करणाऱ्यांचा चेकव्हॉल्व्ह पाणी पुढे जाऊ देतो, मागे येऊ देत नाही. फिटर मूळ नटावर दुसरा नट आवळतो, त्या चेकनटचं कामही पहिल्याला सैल होण्यापासून रोखण्याचं.

आपल्या राज्यघटनेतही असाच एक शह आहे. संसदेने मंजूर केलेलं विधेयक, ते धनविधेयक नसेल तर, राष्ट्रपती अनुच्छेद १११ प्रमाणे फेरविचारासाठी परत पाठवू शकतात. संसदेने ते पुन्हा मंजूर केलं की संमती द्यावीच लागते. इंग्रजीत सत्तेच्या अशा वाटणीला "चेक्स अँड बॅलन्सेस" म्हणतात, त्यातला चेक हा. चाल थांबते, खेळ थांबत नाही.

पण मग तपासणं हा अर्थ कुठून आला? आज आपण चेक म्हटलं की नव्वद टक्के वेळा तपासणंच म्हणतो, आणि तो अर्थ बराच उशिरा, सतराव्या शतकात, पक्का झाला. मधला दुवा आहे आळा. हिशेबात लबाडी होऊ नये म्हणून काय करतात? त्याच व्यवहाराची दुसरी नोंद ठेवतात. दोन नोंदी असल्या की एकीत फेरफार करून भागत नाही. म्हणजे दुसरी नोंद हा पहिलीवरचा आळा, चेक. आणि आळा आहे की नाही हे बघण्यासाठी दोन्ही नोंदी शेजारी ठेवून ताडून बघणं, तेही चेक. थांबवण्यापासून पडताळण्यापर्यंतचा प्रवास एवढ्या एका पावलाचा आहे.

एसटीचा चेकर हे सगळं पाच मिनिटांत करून दाखवायचा. लहानपणी गावाकडे जाताना आडरानात गाडी थांबायची आणि खाकी शर्टातला माणूस वर चढायचा. आधी गाडी थांबवली, हा जुना अर्थ. मग माणसं मोजायची, तिकिटं बघायची आणि कंडक्टरच्या वेबिलाशी ताडायची, हा नवा अर्थ. चेकनाक्यावर ट्रक उभा राहतो तेव्हाही दोन्ही अर्थ एका जागी भेटतात, आणि त्याला नाका हा आपला शब्द जोडून आपण त्याची पूर्ण समजूत पटवली आहे.

आमच्या बँकेत सह्यांच्या कार्डांचे लोखंडी ड्रॉवर होते. संशय आला की खातेदाराचं कार्ड काढायचं, चेकवरची सही आणि कार्डावरची सही शेजारी धरायच्या. नवीन मुलं अक्षरांचं वळण बघायची. आमचे साहेब सांगायचे, वळण कोणीही गिरवेल, हात कुठे उचलला ते बघा. खरी सही एका दमात होते. नक्कल करणारा मध्ये थबकतो, आणि तिथे शाईचा बारीक ठिपका उमटतो. दोन गोष्टी शेजारी ठेवल्याशिवाय तपासणी होत नाही, हे मी त्या ड्रॉवरपाशी शिकलो.

आता राजाला सोडून पटाकडे येऊ. खेळाचं नाव एस्चेक, तर त्याच्या पटाला जुन्या फ्रेंचमध्ये "एस्चेकिये" म्हणत. त्याचं इंग्रजीत चेकर झालं, आणि चौकटींची नक्षी असलेल्या कशालाही चेक म्हणायची पद्धत पडली. चेक्सचा शर्ट तिथून आला. आपल्याकडे त्याला चौकडीचं कापड म्हणतात, आणि तो शब्द वापरातून जाऊ नये असं मला मनापासून वाटतं. पण कापडापेक्षा मोठी गोष्ट या पटाने इंग्लंडच्या सरकारात केली.

ब्रिटनच्या अर्थमंत्र्याला आजही "चॅन्सेलर ऑफ द एक्सचेकर" म्हणतात. हा एक्सचेकर म्हणजे शब्दशः बुद्धिबळाचा पट. बाराव्या शतकाच्या सुरुवातीला, पहिल्या हेन्री राजाच्या काळात, राज्याचा हिशेब एका टेबलावर व्हायचा. त्या टेबलाचं वर्णन राजाचा खजिनदार रिचर्ड फिट्झनील याने ११७० च्या दशकात लॅटिनमध्ये लिहून ठेवलं आहे. टेबल सुमारे दहा फूट लांब, पाच फूट रुंद. वर ठेवलेलं काही खाली पडू नये म्हणून कडेने चार बोटं उंच काठ. दरवर्षी ईस्टरच्या सुमारास त्यावर नवीन कापड यायचं, काळं, आणि त्यावर वीतभर-फूटभर अंतराने ओढलेले पट्टे. या पट्ट्यांमधल्या जागा म्हणजे रकाने: पेनी, शिलिंग, पौंड, मग वीस-वीस पौंड, शेकडे, हजार.

ईस्टरला आणि सप्टेंबरअखेरीच्या मायकेलमसच्या सणाला परगण्यापरगण्यांतले शेरीफ हजर व्हायचे. शेरीफ हे नाव मुंबईकरांना नवीन नाही, कारण मुंबईत हे मानाचं पद आहे, मराठीत नगरपाल. तिथला शेरीफ मात्र राजाच्या वतीने परगण्यातून वसुली करणारा अधिकारी. तो टेबलाच्या एका बाजूला बसायचा, समोर खजिनदार. हिशेबनीस एका ओळीत चकत्या मांडायचा: एवढं येणं आहे. तिच्याखाली दुसरी ओळ: एवढं भरलंस. मग वरच्यातून खालची वजा करत चकत्या उचलायच्या. उरलं ते शेरीफच्या डोक्यावर. एक्स, व्ही, आय या रोमन अक्षरांनी वजाबाकी करणं महाकठीण. चकत्यांना ती अडचण नाही. रकान्यात काही नसेल तर तो मोकळा ठेवायचा, शून्यही लिहायला नको. शिवाय ज्याला अक्षर येत नाही त्यालाही समोर काय चाललंय ते दिसायचं. भारतातून अरबांच्या हाती गेलेले अंक युरोपात रुळायला अजून वेळ होता. त्याच वाटेने गेलेला पट मात्र इंग्लंडच्या तिजोरीत आधीच जाऊन बसला होता.

नुसत्या चौकटींमुळे हे नाव पडलं का? फिट्झनील आणखी एक कारण देतो. पटावर दोन राजांची लढाई होते, तशी इथे दोघांची झुंज असते, खजिनदाराची आणि हिशेब द्यायला आलेल्या शेरीफची, आणि बाकीचे पंचांसारखे बघत असतात. टेबलावर पटाचं कापड आणि दोन्ही बाजूंना घाम फुटलेली दोन माणसं. इंग्रजी स्पेलिंगमधला एक्स मात्र चुकून घुसला आहे. मूळ शब्द एस्चेकिये. पण लॅटिनमधल्या "एक्स" उपसर्गाचा शब्द असावा असं समजून लोकांनी तो तसा लिहिला, आणि तसाच राहिला.

पैसे भरल्याची पावती कशी द्यायची? लाकडाची. काठीवर खाचा पाडायच्या. हजार पौंडांची खाच तळहाताच्या जाडीची, शंभराची अंगठ्याएवढी, विसाची करंगळीएवढी, एका पौंडाची जवाच्या दाण्याएवढी. पेनीसाठी लाकूड न काढता नुसती चीर. मग काठी खाचांमधून उभी चिरायची. अर्धी भरणाऱ्याला, अर्धी तिजोरीत. वाद झाला की दोन्ही अर्ध्या जुळवायच्या. लाकडाच्या शिरा जुळल्या आणि खाचा सलग लागल्या तर पावती खरी. एका बाजूने गुपचूप खाच वाढवली तर दुसऱ्या अर्ध्यावर ती नसणारच. ही पद्धत १८२६ पर्यंत टिकली. साठलेल्या जुन्या काठ्या १६ ऑक्टोबर १८३४ रोजी वेस्टमिन्स्टरच्या भट्ट्यांत जाळायला घेतल्या, आग भडकली आणि ब्रिटिश संसदेची इमारत बेचिराख झाली.

लाकडाची जागा कागदाने घेतली तरी कल्पना तीच राहिली. इंग्लंडच्या तिजोरीने १६९६ पासून एक्सचेकर बिलं काढली. ही बिलं वहीतून कापून द्यायची आणि कापताना अर्धा भाग वहीत ठेवायचा. बिल परत आलं की वहीतल्या भागाशी जुळवायचं. या मागे राहिलेल्या भागाला, आपण ज्याला स्थळप्रत म्हणतो त्याला, अठराव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजीत "चेक" म्हणू लागले, कारण तो खोटेपणावरचा आळा होता. मग बँकांनी खातेदारांना तशीच स्थळप्रत असलेले कागद दिले. हळूहळू मागे उरलेल्या तुकड्याचं नाव पुढे जाणाऱ्या कागदाला चिकटलं. आज चेकबुकात डावीकडे जो अरुंद पट्टा उरतो, किंवा पहिल्या पानांवर नोंदीचा तक्ता असतो आणि आपण तो भरत नाही, तोच खरा मूळचा चेक.

स्पेलिंगचा घोटाळा इथलाच. अमेरिकेत बँकेचा चेकही सी-एच-ई-सी-के असाच लिहितात, आणि इतिहासाने तेच बरोबर आहे. ब्रिटनमध्ये शेवटी क्यू-यू-ई आलं ते एक्सचेकरच्या छापामुळे. आपण ब्रिटिशांकडून घेतल्याने आपल्याकडेही क्यू आहे. १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टमध्ये, ज्याला मराठीत परक्राम्य संलेख अधिनियम असं नाव आहे, कलम ६ मध्ये चेकची व्याख्या याच स्पेलिंगने आहे. त्याच कायद्याने देशी भाषांतल्या दस्तऐवजांच्या स्थानिक रिवाजाला हात लावला नाही, म्हणून हुंडी आपल्या पद्धतीने चालू राहिली. चेक वटला नाही तर ज्या कलम १३८ ची सगळ्यांना धास्ती असते, ते मात्र बरंच नंतरचं, १९८८ च्या दुरुस्तीतलं.

आता चेकचा कागद एका बँकेतून दुसरीकडे जात नाही, त्याचा फोटो जातो. सह्यांचे ड्रॉवर भंगारात गेले. पण रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२१ पासून पॉझिटिव्ह पे आणलं तेव्हा मला चिरलेली काठीच आठवली. ५०,००० रुपये किंवा त्याहून मोठा चेक दिला की खातेदाराने त्याचा नंबर, तारीख, रक्कम आणि कोणाला दिला ते आपल्या बँकेला आधी कळवायची सोय झाली. चेक वटायला आला की बँक दोन्ही जुळवून बघते. माझ्या ओळखीतल्या पुष्कळ वयस्कर मंडळींना ही कटकट वाटते. त्यांना मी एवढंच सांगतो, तुम्ही अर्धी काठी बँकेत ठेवताय. समोरच्याने आकड्यापुढे शून्य वाढवलं तर ती जुळणार नाही.

चेकबद्दल एक गोष्ट वारंवार कानावर येते, ती इथेच निकालात काढतो. अरब व्यापारी पैसे देण्याचा लेखी आदेश वापरत, त्याला "सक्क" म्हणत, आणि त्यावरूनच चेक आला असं सांगतात. सक्क खरा आहे, त्याचा वापरही खरा आहे. पण शब्दाची वंशावळ नुसत्या कानाने लागत नाही. इंग्रजीत चेक आधी स्थळप्रतीला म्हणत, मग कागदाला. सक्कवरून आला असता तर आधी कागदाला म्हटलं गेलं असतं. कान किती फसवतो याची उदाहरणं आपल्याच घरात आहेत. शहाणा या शब्दात शहा दिसतो, पण तो संस्कृत सज्ञानवरून आला. शहामृगातही शहा दिसतो, पण मूळ फारसी शुतुर्मुर्ग, म्हणजे उंटासारखा पक्षी. शुतुर कोणाला कळेना, म्हणून आपण त्याला शहा केलं आणि मुर्ग म्हणजे पक्षी, त्याचा मृग केला.

अमेरिकेने चेकला आणखी अर्थ दिले. सामान किंवा कोट ठेवून घेतल्यावर हातात मिळणारा बिल्ला म्हणजे चेक, तोही जुळवायचा तुकडाच. हॉटेलचं बिल म्हणजे चेक, बरोबरची खूण म्हणजे चेक. बेसबॉलचा सामना पावसाने बुडाला की पुढच्या सामन्यासाठी तिकिटाचा जो भाग चालायचा तो रेनचेक. विमानतळावरचं चेक-इनही याच कुळातलं.

राहिला राजा. फारसी शाहच्या मागे जाऊ लागलं की प्राचीन इराणी "क्षायथिय" लागतो. इराणातल्या बेहिस्तूनच्या कड्यावर, इसवी सनापूर्वी सुमारे ५२० मध्ये, सम्राट दारयवहूने स्वतःला "क्षायथिय क्षायथियानाम्" म्हणजे राजांचा राजा म्हणवून घेतलं आहे. हाच पुढचा शहेनशहा. त्यातला क्ष बघितला की मराठी माणसाला ओळख पटायला हवी. सत्ता गाजवणं हा त्या धातूचा अर्थ, आणि संस्कृतातलं क्षत्र, त्यावरून क्षत्रिय, ही त्याचीच भावंडं. इराणी साम्राज्यात प्रांताच्या रक्षणकर्त्याला क्षत्रपावन म्हणत, त्याचा आपल्याकडे क्षत्रप झाला. म्हणजे हा शब्द महाराष्ट्रात दोनदा नाही, तीनदा आला. बाबांच्या शहाच्याही कितीतरी शतकं आधी.

नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावर पांडवलेणी आहेत. तिथल्या दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचे लेख कोरलेले आहेत. त्यातल्या एकात एक ठेव नोंदवली आहे. भिक्षुसंघासाठी ३,००० कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, गोवर्धनमधल्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यवसायसंघांकडे, ठेवले: २,००० एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक व्याजाने, १,००० दुसरीकडे शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत मागायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. दोन हजारांच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी बारा कार्षापण द्यायचे. आणि हे सगळं निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, ऐकवून तिथल्या दप्तरात नोंदवलं आहे, असंही लेखात म्हटलं आहे. भिंतीवर एक नोंद, दप्तरात दुसरी.

सुट्टी संपायच्या आधी बाबांना आणि पोराला मी तिथे घेऊन गेलो. पोराने मोबाईलवर हिशेब केला. दोन हजारांवर दरमहा वीस, वर्षाला दोनशे चाळीस. वीस भिक्षू, प्रत्येकी बारा, दोनशे चाळीस. "जुळलं," तो म्हणाला, आणि बाबांनी भिंतीवरच्या ब्राह्मी अक्षरांतून त्याला क्षत्रपाचा ख शोधून द्यायला सुरुवात केली. मी म्हटलं, बाबा, ख नाही, क्ष.